न्यूझीलंडमधील मोटारहोम पर्यटन

न्यूझीलंडमधील मोटारहोम पर्यटन म्हणजे झोपण्याची, स्वयंपाकाची आणि शौचाची सोय असलेल्या मोटारवाहनातून त्या देशात केलेला प्रवास व त्याच वाहनात केलेला मुक्काम होय. अशा मोठ्या वाहनास मोटारहोम आणि व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेल्या लहान वाहनास कॅम्परव्हॅन म्हणतात. मोटारीमागे जोडून ओढल्या जाणाऱ्या चाकांवरील घरास कॅराव्हॅन असे नाव आहे. डोंगर, हिमनद्या, सरोवरे व समुद्रकिनारे एकमेकांपासून थोड्या अंतरावर असल्यामुळे, आणि विशेषतः दक्षिण बेटावर लोकवस्ती विरळ असल्यामुळे, या देशात पर्यटनाचा हा प्रकार रुजला आहे.

रस्त्याकडेला, सरोवराकाठी किंवा किनाऱ्यावर शुल्क न देता मुक्काम करण्याची प्रथा तेथे ‘फ्रीडम कॅम्पिंग’ या नावाने ओळखली जाते. सार्वजनिक जमिनीवर मुक्कामाचे स्वातंत्र्य हा या पर्यटनाचा आत्मा मानला जातो. तथापि या मुक्कामातून निर्माण होणारे सांडपाणी, मैला व कचरा यांचा भार कोणी वाहावा, हा प्रश्न त्यातूनच उद्भवला. त्यावर २०११ व २०२३ साली संसदेने कायदे केले.

पार्श्वभूमी

निवासाची सोय असलेल्या वाहनाची कल्पना न्यूझीलंडमध्ये जन्मलेली नाही. इंग्लंडमध्ये विल्यम गॉर्डन स्टेबल्स या डॉक्टर-लेखकाने १८८५ मध्ये ‘द वाँडरर’ नावाची घोड्यांनी ओढली जाणारी निवासगाडी बांधवून घेतली होती. केवळ हौसेच्या प्रवासासाठी बांधलेल्या आरंभीच्या निवासगाड्यांत तिची गणना होते. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतील फोक्सवॅगनच्या व्हॅनमध्ये वेस्टफालिया या कंपनीने झोपण्याची व स्वयंपाकाची सोय बसवण्यास प्रारंभ केला आणि कॅम्परव्हॅन सर्वसामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आली.

न्यूझीलंडमध्ये १९५६ साली न्यूझीलंड मोटार कॅराव्हॅन असोसिएशन ही हौशी वाहनधारकांची संघटना स्थापन झाली. ती पुढे या क्षेत्रातील सर्वांत मोठी संघटना बनली. १९७० च्या दशकात जुन्या बसगाड्या व मालमोटारींवर लाकडी घरे उभारून त्यात राहणाऱ्यांचा एक वर्ग उदयास आला. अशा वाहनांना ‘हाउस बस’ व ‘हाउस ट्रक’ म्हणत. त्यानंतरच्या काळात परदेशी पर्यटकांसाठी भाड्याने वाहने देणारा व्यवसाय विस्तारला. तरुण व काटकसरी प्रवाशांसाठी लहान व्हॅन आणि कुटुंबांसाठी चार किंवा सहा जणांच्या निद्राव्यवस्थेची मोठी वाहने, असे दोन ठळक वर्ग या व्यवसायात निर्माण झाले.

वाहनाची रचना

मोटारहोमच्या रचनेत चालकाची बाजू व निवासाची बाजू असे दोन भाग असतात. निवासाच्या भागातील बैठक रात्री पलंगात रूपांतरित करता येते. मोठ्या वाहनांत चालकाच्या डोक्यावरील पोकळीतही बिछाना असतो. दिवे, पाण्याचा पंप व शीतकपाट यांसाठी १२ व्होल्टची स्वतंत्र बॅटरी असते. ती इंजिन चालू असताना किंवा छतावरील सौरपट्टीमुळे भारित होते. शुल्क आकारणाऱ्या तळावर २३० व्होल्टची वीजजोडणी मिळते. शेगडीसाठी गॅसची टाकी बसवलेली असते. थंड प्रदेशात वापरण्याच्या वाहनांत डिझेलवर किंवा गॅसवर चालणारी ऊबयंत्रणाही असते.

पाण्याची व्यवस्था तीन भागांत विभागलेली असते: स्वच्छ पाण्याची टाकी, अंघोळ व भांडी धुण्याचे सांडपाणी साठवणारी टाकी आणि मैला साठवणारी टाकी. अनेक वाहनांत मैल्याची टाकी पेटीसारखी बाहेर काढता येते. तिला ‘कॅसेट’ म्हणतात. या दोन्ही टाक्या केवळ ठरवून दिलेल्या ‘डंप स्टेशन’वर रिकाम्या करायच्या असतात. डंप स्टेशन म्हणजे मलनिस्सारण वाहिनीस अथवा मलकुंडास जोडलेले सार्वजनिक विसर्जनस्थान होय. अशी स्थाने अनेक गावांत, तसेच काही पेट्रोलपंपांवर व हॉलिडे पार्कमध्ये असतात. डंप स्टेशनचा नळ टाक्या धुण्यासाठी असतो. पिण्याचे पाणी भरण्याचा नळ त्याहून वेगळा ठेवलेला असतो.

जे वाहन बाहेरून पाणी न घेता आणि बाहेर काहीही न सोडता ठरावीक दिवस राहू शकते, त्यास ‘स्वयंपूर्ण’ वाहन म्हणतात. यासंबंधी २००१ साली एनझेडएस ५४६५ हे राष्ट्रीय मानक तयार झाले. त्यानुसार वाहनातील रहिवाशांना तीन दिवस पुरेल इतकी व्यवस्था असणे आवश्यक होते. त्यासाठी प्रत्येक व्यक्तीमागे दररोज चार लिटर स्वच्छ पाणी, तेवढेच सांडपाणी साठवण्याची क्षमता व शौचालयात दररोज एक लिटर जागा हे प्रमाण धरलेले होते. म्हणजे दोघांसाठी प्रमाणित वाहनात किमान २४ लिटर स्वच्छ पाणी असावे लागे. झाकण असलेली कचराकुंडी हीदेखील या मानकातील एक अट होती. मानकास उतरणाऱ्या वाहनावर निळे प्रमाणचिन्ह लावले जात असे.

मुक्कामाच्या जागा

मोटारहोमच्या मुक्कामासाठी प्रामुख्याने चार प्रकारच्या जागा उपलब्ध असतात.

पहिला प्रकार खासगी अथवा नगरपालिकांच्या मालकीच्या हॉलिडे पार्कचा. तेथे वीजजोडणी, गरम पाण्याची स्नानगृहे, सामाईक स्वयंपाकघर, कपडे धुण्याची यंत्रे व डंप स्टेशन अशा सोयी असतात. अनेक प्रवासी एकाआड एक किंवा दर दोन-तीन रात्रींनंतर अशा ठिकाणी थांबून टाक्या रिकाम्या करतात व बॅटरी भारित करून घेतात.

दुसरा प्रकार देशाच्या संवर्धन विभागाच्या तळांचा. राष्ट्रीय उद्याने व राखीव क्षेत्रांत वाहनाने पोहोचता येतील असे २०० हून अधिक तळ हा विभाग चालवतो. सुविधांनुसार त्यांचे वर्ग पाडलेले आहेत. काही तळांवर केवळ शौचालय असते आणि पाणी नदीतून अथवा झऱ्यातून घेऊन उकळून वापरावे लागते. आओराकी पर्वताच्या पायथ्याचा व्हाइट हॉर्स हिल तळ आणि मिलफर्ड मार्गावरील कॅस्केड क्रीक तळ हे या प्रकारातील प्रसिद्ध तळ होत.

तिसरा प्रकार खासगी जमिनींचा. शेतकरी, द्राक्षमळेवाले व अन्य जमीनमालक आपल्या आवारात अल्प शुल्कात किंवा विनामूल्य वाहने उभी करू देतात. मोटार कॅराव्हॅन असोसिएशनच्या सभासदांसाठी अशा जागांचे मोठे जाळे उभे राहिले आहे.

चौथा प्रकार फ्रीडम कॅम्पिंगचा. त्यात सार्वजनिक जमिनीवर कोणत्याही शुल्काविना मुक्काम केला जातो. वादाचा विषय झाला तो हाच प्रकार.

फ्रीडम कॅम्पिंगविषयक कायदे

२०११ पूर्वी अशा मुक्कामावर नियंत्रण ठेवण्यासाठी स्थानिक परिषदांना वेगवेगळ्या कायद्यांतील तरतुदींचा आधार घ्यावा लागे. त्या वर्षी सप्टेंबर व ऑक्टोबरमध्ये देशात रग्बी विश्वचषक स्पर्धा होणार होती आणि मोठ्या संख्येने परदेशी प्रेक्षक भाड्याच्या वाहनांतून फिरतील अशी अपेक्षा होती. या पार्श्वभूमीवर ऑगस्ट २०११ मध्ये फ्रीडम कॅम्पिंग कायदा संमत झाला.

या कायद्याने फ्रीडम कॅम्पिंगची व्याख्या केली. मोटारवाहन पोहोचू शकते अशा जागेपासून, बांधलेल्या रस्त्यापासून, समुद्राच्या ओहोटीरेषेपासून किंवा ‘ग्रेट वॉक’ म्हणून घोषित पदभ्रमण मार्गापासून २०० मीटरच्या आत तंबूत अथवा वाहनात केलेला मुक्काम या व्याख्येत येतो. शुल्क आकारणारे तळ त्यातून वगळलेले आहेत. थकलेल्या चालकाने अपघात टाळण्यासाठी रस्त्याकडेला घेतलेली झोप हीदेखील फ्रीडम कॅम्पिंग मानली जात नाही.

कायद्याचे मूळ तत्त्व परवानगीचे आहे. जेथे मनाई केलेली नाही तेथे मुक्कामास मुभा आहे, असे तो गृहीत धरतो. स्थानिक परिषदांना उपविधी करून विशिष्ट जागी मनाई किंवा निर्बंध घालता येतात. मात्र त्यासाठी तीनच कारणे ग्राह्य आहेत: त्या जागेचे संरक्षण, तेथे येणाऱ्यांचे आरोग्य व सुरक्षितता आणि त्या जागेपर्यंतच्या वाटेचे संरक्षण. एखाद्या परिषदेने आपल्या संपूर्ण क्षेत्रात सरसकट बंदी घालणे कायद्यास मान्य नाही. संवर्धन विभाग आपल्या अखत्यारीतील जमिनींबाबत सूचनापत्राद्वारे असेच निर्बंध घालू शकतो. उल्लंघनासाठी जागेवरच २०० डॉलरच्या दंडाची तरतूद करण्यात आली.

या चौकटीमुळे परिषदा व वाहनधारक यांच्यात अनेकदा न्यायालयीन वाद झाले. क्वीन्सटाउन लेक्स परिषदेने २०२१ मध्ये केलेला उपविधी वाहनधारकांच्या संघटनेच्या अर्जावरून २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केला. उपविधी करताना परिषदेने कायद्यास अभिप्रेत नसलेल्या बाबी विचारात घेतल्या, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला. या निर्णयाने स्थानिकांची नाराजी आणि कायद्याने मान्य केलेली कारणे यांतील फरक अधोरेखित झाला.

पर्यटक वाढत गेले तसा लहान गावांवरील ताण वाढला. शासकीय अंदाजानुसार २०१९ मध्ये सुमारे २,४५,००० लोकांनी फ्रीडम कॅम्पिंग केले. त्यांपैकी बहुसंख्य परदेशी होते. काही शे रहिवाशांच्या गावात उन्हाळ्यातील एका रात्री डझनावारी वाहने उभी राहत. शौचालयांची स्वच्छता व कचऱ्याची वाहतूक यांचा खर्च मात्र स्थानिक घरपट्टीतून भागवावा लागे. दुसरीकडे हेच प्रवासी गावातील दुकाने, पेट्रोलपंप व उपाहारगृहे यांचे ग्राहकही होते. त्यामुळे एकाच गावात त्यांचे स्वागत करणारे आणि त्यांच्यावर बंदी मागणारे असे दोन्ही पक्ष आढळत.

निळ्या प्रमाणचिन्हाविषयीही तक्रारी वाढल्या. जुन्या मानकानुसार सुटे, उचलून ठेवता येणारे शौचपात्र पुरेसे होते. लहान व्हॅनमध्ये बिछाना अंथरल्यावर असे पात्र वापरण्यास जागाच उरत नसे. परिणामी कागदोपत्री स्वयंपूर्ण असलेल्या वाहनांतील प्रवासीही झाडीचा आडोसा शोधत. प्रमाणपत्र देणाऱ्यांवर देखरेख ठेवणारी मध्यवर्ती यंत्रणा नव्हती आणि बनावट चिन्हेही वापरात आली होती.

कोविड-१९ साथीमुळे मार्च २०२० मध्ये देशाच्या सीमा बंद झाल्या व २०२२ मध्ये त्या टप्प्याटप्प्याने पुन्हा उघडल्या. या मधल्या काळात शासनाने धोरणाचा फेरविचार केला. त्यातून जून २०२३ मध्ये स्वयंपूर्ण मोटारवाहनांसंबंधीचा कायदा अमलात आला. त्यातील मुख्य तरतुदी पुढीलप्रमाणे आहेत:

परिषदेच्या जमिनीवर वाहनात मुक्काम करायचा असल्यास वाहन प्रमाणित स्वयंपूर्ण असले पाहिजे. स्वयंपूर्ण नसलेल्या वाहनांसाठी एखादी जागा खुली ठेवायची असल्यास परिषदेने तसे उपविधीत नमूद करावे लागते.

वाहनातील शौचालय कायमस्वरूपी बसवलेले असावे आणि बिछाना अंथरलेला असतानाही ते आतल्या आत वापरता यावे.

प्रमाणपत्र देण्याच्या व्यवस्थेवर प्लंबर, गॅसफिटर व ड्रेनलेयर यांच्या नियामक मंडळाची देखरेख राहील. प्रमाणित वाहनांची राष्ट्रीय नोंदवही ठेवली जाईल.

निळ्या चिन्हाची जागा टप्प्याटप्प्याने हिरवे चिन्ह घेईल. नवे प्रमाणपत्र जास्तीत जास्त चार वर्षे वैध असेल.

एकसमान दंडाऐवजी उल्लंघनाच्या गांभीर्यानुसार दंडाच्या पायऱ्या असतील.

लहान व्हॅनच्या मालकांनी या कायद्यावर टीका केली. स्थिर शौचालय बसवण्याचा खर्च जुन्या वाहनाच्या किमतीच्या मानाने मोठा असून साध्या, स्वस्त प्रवासाची वाट त्यामुळे बंद होते, असा त्यांचा आक्षेप होता. अनेक स्थानिक परिषदांनी मात्र स्पष्ट व तपासता येण्याजोग्या नियमांचे स्वागत केले.

वाहनात राहणारे बेघर

मोटारहोममध्ये राहणारी प्रत्येक व्यक्ती पर्यटक नसते. घरभाडे परवडत नसल्याने व्हॅनमध्ये किंवा मोटारीत राहणारी कुटुंबेही न्यूझीलंडमध्ये आहेत. बाहेरून पाहता ही वाहने आणि पर्यटकांची वाहने सारखीच दिसतात. पर्यटकांसाठी केलेल्या दंडाचा भार अशा लोकांवर पडू नये, म्हणून २०२३ च्या कायद्याने व्याख्येत बदल केला. योग्य निवासस्थान मिळू न शकल्यामुळे वाहनात अथवा तंबूत राहणारी व्यक्ती फ्रीडम कॅम्पिंग करते असे त्यानुसार मानले जात नाही. ही सवलत देशास भेट देणाऱ्या परदेशी पर्यटकांना लागू नाही.

प्रमुख प्रवासमार्ग

मोटारहोम पर्यटनाचा भर दक्षिण बेटावर अधिक आहे. उत्तर बेटावरून येणारी वाहने वेलिंग्टन व पिक्टन यांच्यामधील कुक सामुद्रधुनी नौकेने ओलांडतात. या प्रवासास सुमारे साडेतीन तास लागतात. पिक्टनहून ख्राइस्टचर्चकडे जाणारा राज्य महामार्ग १ काइकोउरा येथे डोंगर व समुद्र यांच्या चिंचोळ्या पट्टीतून जातो. नोव्हेंबर २०१६ मधील भूकंपात तो दरडींखाली गाडला गेला होता आणि डिसेंबर २०१७ मध्ये पुन्हा खुला झाला.

ख्राइस्टचर्चच्या नैर्ऋत्येस मॅकेन्झी खोऱ्यात टेकापो व पुकाकी ही हिमनद्यांच्या पाण्यावर पोसलेली सरोवरे आहेत. हिमनदीने दळलेल्या खडकाची बारीक पूड पाण्यात तरंगत राहिल्याने त्यांचा रंग दुधाळ निळा दिसतो. पुकाकीच्या काठाने जाणारा राज्य महामार्ग ८० आओराकी किंवा माउंट कुक या ३,७२४ मीटर उंचीच्या, देशातील सर्वोच्च पर्वताच्या पायथ्याशी संपतो. हा परिसर २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय तमोमय आकाश राखीव क्षेत्र म्हणून घोषित झाला. रात्रीच्या कृत्रिम प्रकाशावर तेथे निर्बंध असल्यामुळे दक्षिण गोलार्धातील तारकासमूह स्पष्ट दिसतात.

ते अनाऊ ते मिलफर्ड साउंड हा सुमारे १२० किलोमीटरचा मार्ग फियोर्डलँड राष्ट्रीय उद्यानातून जातो. त्यावरील सुमारे १.२ किलोमीटर लांबीच्या होमर बोगद्याचे काम १९३५ मध्ये सुरू झाले आणि १९५४ मध्ये तो वाहतुकीस खुला झाला. मिलफर्ड येथे वर्षाला ६,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. हिवाळ्यात व वसंतात हिमस्खलनाच्या धोक्यामुळे हा मार्ग अधूनमधून बंद ठेवला जातो, तसेच चाकांना लावावयाच्या साखळ्या सोबत बाळगणे बंधनकारक केले जाते.

पश्चिम किनाऱ्याने जाणारा राज्य महामार्ग ६ हास्ट खिंडीतून वानाका परिसरात उतरतो. फ्रान्झ जोसेफ व फॉक्स या हिमनद्या याच मार्गावर आहेत. हास्ट व पश्चिम किनारा यांना जोडणारा रस्ता १९६५ मध्ये पूर्ण झाला. त्यापूर्वी हा भाग वाहनप्रवासासाठी जवळजवळ बंदच होता.

वाहतूक व सुरक्षितता

न्यूझीलंडमध्ये भारताप्रमाणेच रस्त्याच्या डाव्या बाजूने वाहन चालवतात. परदेशी पर्यटकास स्वदेशाच्या वैध परवान्यावर वाहन चालवता येते. परवाना इंग्रजीत नसल्यास त्याचे मान्यताप्राप्त भाषांतर किंवा आंतरराष्ट्रीय परवाना जवळ असावा लागतो. मोटारीचा साधा परवाना ६,००० किलोग्रॅमपर्यंतच्या मोटारहोमसाठी चालतो. खुल्या रस्त्यावरील सर्वसाधारण वेगमर्यादा ताशी १०० किलोमीटर असली, तरी ३,५०० किलोग्रॅमहून अधिक भारक्षमतेच्या वाहनांसाठी ती ९० किलोमीटर आहे. डिझेलवर चालणाऱ्या वाहनांना इंधनाच्या किमतीखेरीज अंतरानुसार रस्तावापर शुल्क भरावे लागते.

नकाशावर लहान दिसणारे अंतर वळणे व चढउतार यांमुळे अपेक्षेपेक्षा अधिक वेळ घेते. पश्चिम किनाऱ्यावर एकपदरी पूल बरेच आहेत. हास्ट नदीवरील असा पूल ७०० मीटरहून लांब आहे. पुलाआधीच्या फलकावर ज्या दिशेस लहान लाल बाण दाखवलेला असतो, त्या बाजूच्या वाहनाने थांबून समोरच्यास वाट द्यायची असते. उंच बांधणीच्या वाहनास आडव्या वाऱ्याचा धोका असतो. भाड्याने वाहने देणाऱ्या अनेक कंपन्या क्वीन्सटाउनजवळील स्किपर्स मार्ग व उत्तर बेटावरील नाइन्टी माइल बीच येथे वाहन नेण्यास मनाई करतात. तेथे झालेल्या नुकसानीस विमा लागू होत नाही.

येथील ऋतू भारतातील ऋतूंच्या उलट असतात. डिसेंबर ते फेब्रुवारी हा उन्हाळा व गर्दीचा हंगाम असून या काळात वाहनाचे भाडे सर्वाधिक असते.

पर्यावरण व शिष्टाचार

न्यूझीलंडच्या गोड्या पाण्यात २००४ मध्ये डिडिमो हे परकीय शैवाल आढळले. ते ओल्या पादत्राणांतून, होड्यांतून व मासेमारीच्या साहित्यातून एका नदीतून दुसऱ्या नदीत पसरते. म्हणून नदी बदलताना साहित्य तपासणे, धुणे व पूर्ण वाळवणे या तीन क्रिया प्रवाशांकडून अपेक्षित असतात. सांडपाण्याची टाकी सरोवराकाठी रिकामी करणे दंडनीय आहे. साबणमिश्रित पाणीही त्यास अपवाद नाही.

दक्षिण बेटावरील केआ हा डोंगरी पोपट वाहनांच्या खिडक्यांचे रबर व वायपर कुरतडतो. त्यास खाद्य दिल्यास तो माणसांच्या वस्तीला सोकावतो व विषारी पदार्थ खाऊन दगावू शकतो. त्यामुळे त्याला खाऊ न घालण्याच्या सूचना तळांवर लावलेल्या असतात.

माओरी समाजात भूमी व जल यांचे रक्षण हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले कर्तव्य मानले जाते. या कर्तव्यास ‘काइतियाकितांगा’ म्हणतात. माओरी दृष्टीने मानवी मैला कोणत्याही जलाशयात मिसळणे हे त्या जलाचे पावित्र्य भंग करणारे असते. अन्न व शरीरमल यांच्याशी संबंधित वस्तू एकत्र न करणे, उदाहरणार्थ कपडे धुण्याच्या पात्रात भांडी न धुणे, हाही त्या आचाराचा भाग आहे. २०१८ मध्ये शासकीय व पर्यटन संस्थांनी मिळून प्रवाशांसाठी ‘तिआकी’ ही प्रतिज्ञा प्रसृत केली. तिआकी या माओरी शब्दाचा अर्थ जपणे, राखणे असा होतो. निसर्गाची जपणूक, मागे काही न सोडणे, सावधपणे वाहन चालवणे व स्थानिक संस्कृतीचा मान राखणे हे तिचे आशय आहेत.